द्यूतसभेंतील हिशेब

मृच्छकटिकाच्या दुसऱ्या अंकांतला द्यूताचा प्रसंग वाचकांस आठवत असेलच. दहा सुवर्णांच्या देण्यापायीं भेदरलेला संवाहक उज्जयिनीच्या रस्त्यांतून धांवत येतो, उलट्या पावलांनीं एका ओस देवळांत शिरतो, आणि देवळांत मूर्ति नाहीं असें पाहून स्वतःच मूर्तीसारखा उभा राहतो. मागून माथुर सभिक आणि डाव जिंकलेला जुगारी येतात व तेथेंच फांसे टाकूं लागतात. फांशांचा आवाज कानीं पडतांच या देवाला राहवत नाहीं आणि तो पकडला जातो. हा प्रसंग वाचून आपण हंसतों. परंतु सुटका कशी झाली हें सांगतांना संवाहक जें एक वाक्य बोलून जातो, तिकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. सभिकाचें मन लिहिण्यांत गुंतलेलें पाहून आपण झटकन निसटलों, असें तो म्हणतो. सभिक काय लिहीत होता? कोणीं किती जिंकलें आणि कोणाकडे किती येणें राहिलें, याचा हिशेबच तो असला पाहिजे.

द्यूताविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांत पणांचीं वर्णनें आहेत, कपटाचीं आहेत, धुळीस मिळालेल्या घरांचीं तर आहेतच. पण डाव मोजीत कोण होतें, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आम्हांस वाटतें, द्यूताच्या इतिहासाची खरी किल्ली त्या प्रश्नांत आहे.

वैदिक काळचे फांसे म्हणजे ठिपक्यांचे चौकोनी तुकडे नव्हेत. तीं बेहड्याचीं फळें होतीं. त्यांस बाजू नाहींत, आंकडे नाहींत. मग दान ओळखावयाचें कसें? जर्मन पंडित ल्यूडर्स यांनीं १९०७ सालीं या खेळाची जी उकल केली ती अशी, कीं पडलेल्या फळांची संख्या चारांनीं निःशेष भागली गेली तर कृत, तीन उरलीं तर त्रेता, दोन उरलीं तर द्वापर आणि एकच उरलें तर कलि. म्हणजे येथें मोजणें हाच खेळ होय. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसाव्या सूक्तांत जुगारी रडतो तो एका अधिक पडलेल्या फांशाच्या नांवानें. त्या एकापायीं आपण पतिव्रता स्त्री दूर केली, असें तो म्हणतो. पुढें याच दानांचीं नांवें युगांस मिळालीं, आणि युगांचीं वर्षेंहि दानांच्याच प्रमाणांत बसविलीं गेलीं: ४८००, ३६००, २४०० आणि १२०० दिव्य वर्षें. आपल्या पूर्वजांनीं काळाचाहि हिशेब द्यूताच्या परिभाषेंत मांडला, ही गोष्ट साधी नव्हे. राजसूय यज्ञांत राजाच्या रत्नींमध्यें सेनानी व पुरोहित यांच्याबरोबर अक्षावाप, म्हणजे फांशांचा अधिकारी, गणला जाई, यांत मग नवल तें काय?

मोजण्याच्या या विद्येचें उत्तम चित्र वनपर्वांतील नलाख्यानांत आहे. बाहुकाच्या वेषांतला नल रथ हांकीत असतां ऋतुपर्ण राजा वाटेवरच्या बेहड्याकडे नुसती दृष्टि टाकतो आणि सांगतो, कीं दोन फांद्यांवर पांच कोटि पानें व २०९५ फळें आहेत. नल रथ थांबवितो. घाई असलेला राजा त्रासतो, तरी नल झाड पाडून तीं फळें स्वतः मोजतो, आणि संख्या बरोबर निघते. तेव्हां अश्वविद्येच्या मोबदल्यांत तो अक्षहृदय मागून घेतो, व तें मिळतांच कलि त्याच्या शरीरांतून बाहेर पडून त्याच बेहड्यांत शिरतो. राज्य घालविणाऱ्या नलास फांसे टाकतां येत होते. त्यांस मोजतां मात्र येत नव्हतें. हीच कथा सांगून बृहदश्व ऋषि युधिष्ठिरालाहि अक्षहृदय शिकवितात. परंतु तें वनवास भोगावा लागल्यानंतर.

युधिष्ठिराच्या सभेंत काय झालें तें या दृष्टीनें पुनः वाचून पाहावें. पण युधिष्ठिरानें लावावा, फांसे शकुनीनें टाकावे, आणि जिंकल्याची घोषणाहि प्रत्येक वेळीं शकुनीनेंच करावी, असा तो क्रम चालतो. भीष्म, द्रोण, विदुर बसलेले आहेत. विदुर निषेधहि करतो. परंतु दान मीं पाहिलें, मीं मोजलें, असें म्हणणारा त्रयस्थ कोणी नाहीं. द्रौपदी पणास लागते तेव्हां अंध धृतराष्ट्र, जिंकलें काय, जिंकलें काय, म्हणून विचारीत राहतो. पित्यालाहि निकाल कळावयाचा तो दुसऱ्याच्या तोंडून.

आणि मग द्रौपदीचा प्रश्न येतो. प्रातिकामी तिला नेण्यास आला असतां ती त्यास परत पाठविते आणि विचारण्यास सांगते, कीं राजानें अगोदर स्वतःला हरविलें कीं मला? या प्रश्नावर आजवर धर्मशास्त्राच्या अंगानें पुष्कळ विचार झाला. तो योग्यच आहे. पण प्रथमदर्शनीं हा प्रश्न हिशेबाचा आहे. कोणती रक्कम आधीं व कोणती मागाहून, एवढेंच ती विचारते. क्रम एकदां मान्य झाला, कीं जो स्वतःच गेला त्यास दुसऱ्यास लावण्याचा अधिकार उरला काय, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. क्रम सर्वांनीं पाहिला होता. तरीहि भीष्म धर्माची गति सूक्ष्म आहे म्हणून थांबतात, आणि युधिष्ठिर आधींच हरलेला होता हें सभेंत उघड बोलतो तो कौरवांतला धाकटा विकर्ण. डाव सगळ्यांच्या देखत होऊनहि साक्ष एकानेंच द्यावी, हें त्या सभेचें खरें पाप आम्हांस वाटतें.

पुढच्या शास्त्रकारांनीं यांतून धडा घेतला असें म्हणवत नाहीं, पण त्यांचे नियम नेमके याच उणिवेवर आहेत. मनूनें द्यूत राज्यांतून घालवावें म्हटलें. कौटिल्य व याज्ञवल्क्य यांनीं तें एका जागीं आणून बसविलें. कौटिल्याच्या द्यूताध्यक्षानें शुद्ध फांसे स्वतः पुरवावे, ते बदलणाऱ्यास १२ पण दंड करावा आणि जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच घ्यावे. याज्ञवल्क्याच्या सभिकानें राजाचा भाग राजास द्यावा व जिंकणाऱ्यास त्याचें द्रव्य मिळवून द्यावें. मात्र तंट्याच्या वेळीं निवाडा करणारे व साक्षीदार कोण? तर खेळणारेच. ज्याचा वांटा आहे त्या सभिकाच्या एकट्याच्या वहीवर त्यांनीं विसंबूं दिलें नाहीं. दोघांचाहि हेतु निव्वळ न्यायाचा नव्हता. अशा जागीं चोर व गुप्त धंदेवाले सांपडतात, हें ते स्पष्ट सांगतात. पुढें काळ उलटला. १८८७ च्या मुंबई इलाख्याच्या जुगारबंदी कायद्यानें अड्डा चालवून नफा घेणाऱ्यासच मुख्य अपराधी ठरविलें. राजाचा मनुष्य असलेला सभिक असा राजदंडास पात्र झाला.

आपल्या घरांतला सारीपाट या सर्वांहून सुदैवी. तेथें वही लागत नाहीं, सभिक लागत नाहीं. कोणाची सोंगटी मेली, कोणाची घरीं पोंचली, हें पटावरच सर्वांस दिसतें. पोबारा करणें म्हणजे पळून जाणें असें आपण म्हणतों. तो शब्दहि मुळांत याच खेळांतल्या एका दानाचा. तरी तंटे तेथेंहि होतात. कवडी उताणी पडली कीं पालथी, यावरून भावंडें हमरीतुमरीवर येतात, आणि मग कोणी तरी आजीकडे धांवतें. ती खेळत नसते, पण तिनें पाहिलेलें असतें, आणि जें पाहिलें तें ती नातवांच्या तोंडाकडे न पाहतां सांगते. हस्तिनापुरच्या सभेंत तेवढें एक माणूस असतें तर द्रौपदीला प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागला नसता.