जुने गोवे सोडताना

श्रोतेहो, गेल्या महिन्यात पणजीतील एका स्नेह्यांच्या घरी एक कौटुंबिक वाद ऐकण्याचा प्रसंग आला. त्यांचे चिरंजीव म्हणत होते, मांडवी ओलांडून पर्वरीला नवी जागा घ्यावी. तेथे हवा मोकळी, गाडी ठेवावयास जागा आणि मुलांना खेळावयास अंगण. वडील म्हणत होते, "बाजार, देऊळ, डॉक्टर, चार ओळखीची माणसे हे सारे सोडून त्या पठारावर जाऊन करायचे काय?" अखेर दोघांनीही माझ्याकडे पाहिले. घरांच्या किमतीतले मला काही कळत नाही. परंतु ज्या पणजीत बसून आम्ही बोलत होतो, ती स्वतः एके काळी असेच दूरचे उपनगर होती आणि तेथे जावे की न जावे याविषयी गोव्याच्या राज्यकर्त्यांनी दीडशे वर्षे घोळ घातला होता, एवढे मला ठाऊक होते. तीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये जुने गोवे जिंकले आणि पुढे ते त्यांच्या पूर्वेकडील साऱ्या राज्याची राजधानी झाले. वैभव मोठे होते, परंतु पायाखालची जमीन घातक होती. जांभा दगड सच्छिद्र. घराघरांतील सांडपाणी त्यातून झिरपून विहिरींत उतरे. सोळाव्या शतकापासूनच पटकी आणि ताप यांच्या साथींनी शहर पुनःपुन्हा पोखरले. ज्यांना परवडे ते बायंगिणीच्या झऱ्याचे पाणी विकत घेत; गुलाम ते घागरींतून दारोदार नेत. ज्यांना परवडत नसे ते विहिरीचेच पाणी पीत. पुढे नदीचे पात्रही गाळाने उथळ होऊ लागले आणि मोठ्या जहाजांना वर येणे कठीण झाले.

मग शहर सोडावयाचे, तर जावयाचे कोठे? पहिला विचार भीतीपोटी झाला. १६८३ च्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने राजधानीसमोरील जुवे बेटाचा किल्ला घेतला. विजरई कोंद द आल्व्होर याने धास्ती घेऊन राजधानी मुरगावला हलविण्याचे ठरविले. मुरगावचे बंदर खोल, जागा तटबंदीस सोयीची. कागदावर सारे गुण जमेस धरलेले होते. कामही सुरू झाले. परंतु घरदार असलेल्या लोकांना तेथे जाण्याची मुळीच हौस नव्हती. अठराव्या शतकाच्या आरंभी तो खटाटोप सोडून द्यावा लागला. हुकुमाने तट बांधता येतो, शेजार बांधता येत नाही.

याच्या उलट पणजीचे झाले. तेथे कोणी मोठी योजना आखली नव्हती. कोंद द लिन्यारिश या विजरईने १६३३-३४ मध्ये रायबंदर ते पणजी असा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा बांध खाजणातून घातला होता, म्हणजे वस्तीच्या आधी वाट तयार होती. १६९५ मध्ये विजरई जुने शहर सोडून जवळच पणेलीला, दारूखान्याच्या वाड्यात, राहू लागले. १७५९ मध्ये कोंद द एगा आणखी पुढे सरकून पणजीतील आदिलशहाच्या वाड्यात आला. जेथे राज्यकर्ता स्वतः बिऱ्हाड करतो, तेथे सरदार, कारकून आणि व्यापारी मागाहून येतातच. तरीही कागदोपत्री राजधानी जुनीच राहिली. लिस्बनहून पोंबालने १७७४ च्या सुमारास तिच्या पुनरुज्जीवनाचे फर्मान काढले, पण रोगट हवेत मजूर दगावू लागले आणि तो उद्योग फसला. अखेर २२ मार्च १८४३ रोजी पणजीस 'नोव्हा गोवा' या नावाने राजधानीचा दर्जा मिळाला.

ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजूही तेवढीच खरी. आरंभी आलेल्यांच्या वाट्यास दलदल, डास आणि चिखल आला. दों मानुएल द पोर्तुगाल ई कास्त्रो याने १८२७ ते १८३५ या काळात सखल जागा भरून काढल्या आणि सरळ रस्ते आखले, तेव्हा कोठे पणजीस शहराचे रूप आले. म्हणजे विजरई राहावयास आल्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी! आणि जे मागे राहिले त्यांचे काय? गिऱ्हाईक निघून गेले की कासाराचे, शिंप्याचे, भटियाऱ्याचे दुकान आपोआप बसते. जुन्या राजवाड्याचे दगडसुद्धा उपसून नव्या बांधकामांस नेले गेले. उरली ती देवळासारखी उंच चर्चे, आणि त्यांच्याभोवती माड.

आता पर्वरी पाहा. १९७० च्या सुमारास मांडवीवर पूल झाला आणि पैलतीर जवळ आला. १९८६ मध्ये तोच पूल कोसळला, तेव्हा लोकांना पुन्हा फेरीबोटीचा आधार घ्यावा लागला. पुढे नवे पूल झाले. २००० साली विधानसभा पर्वरीस गेली, २०२१ मध्ये उच्च न्यायालयाची नवी इमारतही तेथेच झाली. पूर्वी विजरई गेला, आज विधानसभा आणि न्यायालय गेले. क्रम तोच आहे. इकडे पणजीत मात्र मळ्यासारख्या सखल भागात पावसाळ्यात पाणी भरते आणि भराव घातलेली जमीन आपले मूळ विसरलेली नाही, हे दिसून येते.

तेव्हा मी त्या पितापुत्रांस एवढेच सांगितले : उपनगरास जाणे यात न पाप आहे, न पराक्रम. फक्त तीन गोष्टी आधी पाहाव्यात. वैशाखात तेथे पाणी किती येते? एक पूल बंद पडला तर दुसरी वाट कोणती? आणि शेजारी राहावयास येणारे खरोखरच राहणार आहेत, की नुसती कुलपे लावून ठेवणार आहेत? या तिन्हींचे उत्तर समाधानकारक असेल तर चिरंजीवांनी खुशाल जावे. परंतु पहिली काही वर्षे चिखलाची असतात हे गृहीत धरावे, आणि वडिलांचे घर लगोलग विकू नये. जुन्या गोव्याचे लोक एकदा निघाले ते परत फिरले नाहीत. पुन्हा बोलावणाऱ्या फर्मानांचाही मग उपयोग झाला नाही.

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग मुलास म्हणाले, "रविवारी जाऊन येऊ. पण आधी तिथली विहीर दाखव." मला वाटते, जुन्या गोव्याच्या नगररचनाकारांनी हाच प्रश्न आरंभी विचारावयास हवा होता.