नाशिकच्या वसतिगृहांतील अधीक्षक

नाशिकचा इतिहास लिहू जाता तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या, पेशवाईतील वाडे आणि गोदेच्या घाटांवरील देवालये यांकडेच लेखणी प्रथम वळते. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिंडोरी, निफाड, सिन्नर, येवला या तालुक्यांतून विद्यार्जनासाठी शहरात आलेल्या कुणब्यांच्या, वंजाऱ्यांच्या आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांना ज्या वसतिगृहांनी आश्रय दिला, त्यांचा आणि विशेषतः त्यांचा भार वाहणाऱ्या अधीक्षकांचा वृत्तान्त मात्र संस्थांच्या स्मरणिकांपलीकडे क्वचितच गेलेला दिसतो. ही उपेक्षा मला खटकते, कारण या शहराच्या अर्वाचीन घडणीत त्या माणसांचा वाटा कोणत्याही सरदार घराण्याहून कमी नाही.

कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून शाहू महाराजांनी जी परंपरा सुरू केली, तिचे पडसाद लवकरच येथेही उमटले. सत्यशोधक विचारांच्या कार्यकर्त्यांनी १९१४ साली नाशिक जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना केली, आणि १९२० साली स्वतः शाहू महाराजांनी येथे येऊन उदोजी मराठा बोर्डिंगच्या इमारतीची कोनशिला बसविली. अशा वसतिगृहांना आधार असे तो रयतेच्या वर्गणीचा आणि धान्याचा.

या संस्थांतील अधीक्षकाचे काम हजेरीपट आणि जमाखर्च सांभाळण्यापुरते कधीच नव्हते. तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसणे, शेतीच्या हंगामात मुलाला परत न्यायला आलेल्या बापाची समजूत घालणे, फीमाफीसाठी शाळेच्या दारी अर्ज घेऊन उभे राहणे, हे सर्व त्याच्याच माथी येई. अमेरिकेतील शहरांत १९०६च्या सुमारास शाळा आणि घर यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या शिक्षिका नेमल्या जाऊ लागल्या, आणि मुंबईत समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण देणारी टाटांची संस्था निघाली ती १९३६ साली. तत्पूर्वीच आमच्याकडे हे कार्य कोणत्याही पदवीवाचून चालू झाले होते. मात्र ज्या कामाला सीमा नाही, त्यात थकव्यालाही सीमा राहत नाही. दहा मुले शिकून मार्गी लागली तरी मन अडकून राहते ते अकराव्यापाशी, जो मध्येच शाळा सोडून गेला; आणि मग आपल्या हातून खरोखर काही होते आहे काय, ही शंका कर्त्या माणसालाच अधिक ग्रासते, कारण कामचुकाराला ती शिवतही नाही.

या संदर्भात दादासाहेब गायकवाड यांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी १९०२ साली जन्मलेले भाऊराव गायकवाड नाशिकात विद्यार्थी-वसतिगृहाचे अधीक्षक होते, आणि २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची प्रत्यक्ष धुराही त्यांच्याच खांद्यावर होती. त्या वर्षीच्या रामनवमीस रथोत्सवाच्या वेळी दगडफेक झाली, सत्याग्रही कारावासात गेले, वर्षांमागून वर्षे लोटली, तरी मंदिराचे द्वार उघडले नाही. अशा अवस्थेत मुखेड या गावीही मंदिरप्रवेशाचा तसाच सत्याग्रह करावा किंवा नाही, अशी पृच्छा त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांकडे केली. ३ मार्च १९३४च्या उत्तरात बाबासाहेबांनी कळविले, की मंदिरप्रवेशाची चळवळ मूर्तिपूजेसाठी नव्हतीच. समाजात चैतन्य यावे म्हणून ती आरंभिली, तो हेतू सफल झाला, आता सारी शक्ती शिक्षण आणि राजकारण यांकडे वळवावी. द्वार बंद असतानाही चार वर्षांचे श्रम व्यर्थ गेले नाहीत, हे ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा माणसाने लिहून कळवावे, आणि एक ओझे खाली ठेवण्याची मोकळीकही त्याच पत्राने द्यावी, याहून मोठा दिलासा कोणता? स्वतःच्या श्रमाचे मोल ठरविण्याचे काम अशा प्रसंगी एकट्या कार्यकर्त्यावर सोपवणे हा अन्याय होय. ते काम जाणत्या सहकाऱ्याचे आहे, आणि गायकवाडांना तसा सहकारी पत्राच्या अंतरावर होता.

याच दादासाहेबांच्या सहवासात घडलेल्या नाशिकच्या शांताबाई दाणी यांनीही पुढे तोच वारसा चालविला. दारिद्र्यात आणि अस्पृश्यतेच्या अवहेलनेत आईच्या जिद्दीवर त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आंबेडकरी चळवळीत उतरल्या, विधानपरिषदेतही गेल्या. परंतु त्यांचे नाव घेताना नाशिककरांना आठवते ते रमाबाई आंबेडकर विद्यार्थिनी वसतिगृह आणि तक्षशिला विद्यालय. भावना भार्गवे यांनी शब्दांकित केलेल्या ‘रात्रंदिन आम्हा’ या आत्मकथनात त्यांनी आपला जीवनसंघर्ष सांगितला. मुलींना बळ देणाऱ्या बाईने आपली वेदना दुसऱ्या स्त्रीपाशी विश्वासाने सांगावी, यात मला दुर्बलता दिसत नाही. दीर्घकाल टिकलेल्या सामर्थ्याची ती साक्ष आहे.

आज राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकातच आहे. सुरगाणा, पेठ, कळवण भागांतील आश्रमशाळांचे अधीक्षक आणि अधीक्षिका, तसेच शहरातील वसतिगृहांचे गृहपाल, त्या जुन्या अधीक्षकांचेच वंशज होत. मुलांच्या आहाराची, अंथरुणाची, आजाराची नोंद दप्तरी व्हावी, हे योग्यच आहे. परंतु रात्री मुले निजल्यावर अधीक्षिकेने आपली शंका कोणापाशी मांडावी, यासाठीही दर महिन्यास एखादी बैठक आणि तीत बसणारा एक अनुभवी माणूस सरकारने नेमून द्यावा. गायकवाडांना जे एका पत्राने मिळाले, ते इतरांना योगायोगाने मिळण्याची वाट पाहत बसणे बरे नव्हे.