देवीचं लुगडं
तुळजाभवानीच्या आराध्यांची परडी आम्हा किल्लारीकरांच्या ओळखीची. यल्लम्माला वाहिलेला, लुगडं नेसणारा जोगता मात्र मला राजीव पाटलांच्या ‘जोगवा’त (२००९) जवळून दिसला. त्यातल्या तायप्पाचा जीव सुलीवर जडतो. लुगडं त्याला तुरुंग वाटतं.

पासोलिनीच्या ‘तेओरेमा’त (१९६८) देवदूतासारखा पाहुणा एका घरातल्या बायका-पुरुष, सगळ्यांशीच संग करतो. व्हेनिसला कॅथलिक चित्रपटसंस्थेनं चित्रपटाला पुरस्कार दिला, व्हॅटिकननं झोडपलं. अश्लीलतेच्या खटल्यातून तो निर्दोष सुटला. पुरुषाच्या पुरुषओढीत देव असू शकतो का, यावरून चर्चमध्येच दुफळी झाली.

आपल्याकडे हा वाद पेटला नाही, कारण देवीनं लुगडं आधीच दिलेलं. पण ज्या जोगत्याचं मन पुरुषातच गुंततं, तो ‘जोगवा’चा नायक नव्हे. लुगडं फेडणं हीच सुटका मानली, तर त्यानं जावं कुठं?