मार्जारासन

मार्जारासन : पाठीच्या कण्याची, विशेषतः वरच्या पाठीची लवचिकता वाढवणारा, कोणत्याही साधनाविना करता येणारा व्यायाम. बिडालासन असेही नाव आढळते. हठयोगप्रदीपिकेतील 15 किंवा घेरंडसंहितेतील 32 आसनांत त्याचा समावेश नाही. स्वामी सत्यानंद सरस्वती यांच्या 1969 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आसन प्राणायाम मुद्रा बंध’ या ग्रंथात मार्जारी-आसन म्हणून ते दिलेले आहे. फिजिओथेरपीतही त्याचा वापर होतो.

मानेत 7, छातीच्या भागात 12 आणि कमरेत 5 मणके असतात. छातीमागच्या मणक्यांना फासळ्यांच्या 12 जोड्या सांधलेल्या असल्याने हा भाग पुढेमागे मुळातच कमी वाकतो. तासन्‌तास पोक काढून बसल्याने तो आणखी आखडतो. शरीर मात्र हालचालीसाठी सोपी वाट धरते. त्यामुळे नवख्या माणसाची कमर आणि मान भरपूर हलते, आणि खांद्याच्या फऱ्यांमधला भाग फळीसारखा सपाट राहतो. या व्यायामात होणारी सर्वांत मोठी चूक हीच.

चटईवर तळवे आणि गुडघे टेकून ओणवे व्हावे; मनगटे खांद्यांच्या व गुडघे खुब्यांच्या बरोबर खाली असावेत. श्वास सोडत तळव्यांनी जमीन रेटावी, फऱ्यांमधला भाग छताकडे उचलावा, मान सैल सोडावी. श्वास घेत छाती पुढे-खाली न्यावी, फरे जवळ येऊ द्यावेत. पोट फार लोंबू देऊ नये आणि मान मागे मोडू नये. कोपरे दोन्ही वेळा सरळच राहतात. अशी 8 ते 10 आवर्तने सावकाश, श्वासाच्या लयीत करावीत.

घरातल्या कोणाला तरी फऱ्यांच्या मधोमध तळहात ठेवायला सांगावे. श्वास सोडताना त्या हाताला वर ढकलायचे, घेताना त्याच्यापासून खाली सरकायचे. हात जागचा हलला नाही, तर कमरच काम करते आहे हे तिथल्या तिथे कळते. सोबतीला कोणी नसल्यास टाचांवर बसून कोपरांपासून पुढचे हात जमिनीवर टेकावेत आणि हीच हालचाल करावी. खुबे पूर्ण दुमडल्यामुळे कमरेला आत बाक घेता येत नाही आणि छाती खाली नेताना वरच्या पाठीलाच वाकावे लागते. नवख्याने खरे तर इथूनच सुरुवात करणे चांगले.

मार्जारासनात कणा फक्त पुढेमागे वाकतो, पीळ घेत नाही. वरच्या पाठीला पीळ हवा असल्यास त्याच ओणव्या स्थितीत एक हात मानेमागे ठेवून ते कोपर आधी दुसऱ्या हाताकडे आणि मग छताकडे वळवतात.

मनगट दुखत असल्यास मुठींवर भार घ्यावा, गुडघ्यांखाली घोंगडीची घडी ठेवावी. हाडे ठिसूळ झालेल्यांनी, मणक्याला इजा झालेल्यांनी किंवा हातापायात कळ उतरत असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच हा व्यायाम करावा.