पत्रावळीचे पान कोणाचे?

पळसाची वाळविलेली पाने बांबूच्या बारीक काड्यांनी टाचून केलेली पत्रावळ हा आपल्याकडील फार जुना धंदा. रान जवळ हवे आणि बोटांना सवय हवी, एवढेच त्याचे भांडवल. गोमंतकात फणसाच्या पानांवरही हेच काम भागे.

हा धंदा प्लॅस्टिकने व थर्मोकोलने बुडविला, असे सर्रास म्हटले जाते. ते खरे असले, तरी अपुरे आहे. ब्रिटिश अमलात १८७८च्या व पुढे १९२७च्या वन-कायद्याने रानातले पान 'वनोत्पन्न' ठरले. राखीव जंगलात पाने खुडणारी बाई, जिची आजीही तीच पाने खुडीत असे, परवानगीची याचक झाली. गौण वनोत्पन्नावरील वनवासींची मालकी कायद्याने मान्य होण्यास २००६ साल उजाडावे लागले.

१ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर देशभर बंदी आली. आता पोफळीची विरी यंत्रात तापवून, दाबून ताटे करतात. विरी बागायतदाराच्या स्वतःच्या कुळागरात गळते. तेथे वनखात्याचा प्रश्नच येत नाही. हा धंदा काढू इच्छिणारे पक्षकार माझ्याकडे यंत्राची गोष्ट काढतात. मी आधी विचारतो, पान कोणाच्या जमिनीतले?