रेघ मारलेली नावे

एखादे संकेतस्थळ वारंवार बंद पडू लागले की सदस्यांचा असंतोष वाढतो, असा सर्वसाधारण समज आहे. 'लाइव्हजर्नल' या सामुदायिक अनुदिनी-स्थळाचा इतिहास चाळताना मात्र आम्हांला निराळेच चित्र दिसले.

ब्रॅड फिट्झपॅट्रिक या अमेरिकन तरुणाने 1999 साली मित्रमंडळींची खबरबात एकमेकांना कळावी म्हणून हे स्थळ सुरू केले. सर्व मित्रांचे लेखन एकाच पानावर वाचण्याची आणि आपले लेखन निवडक मित्रांपुरते राखण्याची सोय तेथे होती. सदस्यसंख्या अशी फुगली की सर्व्हरना भार पेलेना. सप्टेंबर 2001 पासून डिसेंबर 2003 पर्यंत जुन्या सदस्याच्या निमंत्रणावाचून फुकट खाते मिळत नसे. याच ओढाताणीतून 2003 मध्ये 'मेमकॅश्ड' ही प्रणाली जन्मली. सतत लागणारी माहिती प्रत्येक वेळी विदागारातून न काढता सर्व्हरच्या स्मृतीत हाताशी ठेवायची, ही तिची युक्ती पुढे फेसबुक आणि विकिपीडियानेही वापरली.

जानेवारी 2005 मध्ये 'सिक्स अपार्ट' या कंपनीने स्थळ विकत घेतले, आणि 14 जानेवारीला विदाकेंद्राची वीज जाऊन ते पूर्ण बंद पडले. सर्व विदा तपासून ते पुन्हा उभे करण्यात सुमारे एक दिवस गेला. सदस्य कुरकुरले, पण राहिले. बिघाड आपल्या सर्वांचा आहे, असे मानण्याइतका आपलेपणा अजून शिल्लक होता.

तो ओसरला मे 2007 मध्ये. बाह्य गटाच्या तक्रारींवरून, बालकांच्या लैंगिक शोषणाला थारा देऊ नये या कारणाखाली, कंपनीने सुमारे 500 खाती एकाएकी बंद केली. हेतू कोणालाही पटावा असाच होता. परंतु निवड सदस्यांनी नोंदवलेल्या आवडीच्या विषयांवरून झाली. परिणामी अत्याचारातून सावरणाऱ्यांचे आधारगट, कथालेखकांचे समूह आणि 'लोलिता' या कादंबरीची चर्चा करणारे मंडळही त्यात भरडले गेले. बंद खात्याच्या नावावर आडवी रेघ दिसे. म्हणून हे प्रकरण 'स्ट्राइकथ्रू' म्हणून ओळखले गेले. कंपनीने माफी मागितली, बरीच खाती परत केली. पण आपले लेखन कोणाच्या मर्जीवर उभे आहे, हे सदस्यांना कळून चुकले होते.

त्याच वर्षअखेरीस स्थळ 'सुप' या रशियन कंपनीकडे गेले. मार्च 2008 मध्ये तिने नव्या सदस्यांसाठी जाहिरातमुक्त फुकट खाते गुपचूप बंद केले, तेव्हा 21 मार्चला सदस्यांनी एक दिवसाचा लेखनसंप पुकारला. पुढे सर्व्हर रशियात हलले, आणि एप्रिल 2017 च्या नव्या करारात रशियन मसुदाच तेवढा बंधनकारक ठरला.

रुसलेले सदस्य कोठे गेले? लाइव्हजर्नलची संगणकीय संहिता मुक्त होती. तिच्याच पायावर माजी कर्मचाऱ्यांनी 2009 मध्ये 'ड्रीमविड्थ' उभारले. तेथे जुने लेखन प्रतिसादांसह नेता येत असे. घर सोडताना नकाशा आणि सामान दोन्ही बरोबर नेण्याची ही मुभा विरळाच.

'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आपल्याकडे जुनी. आंतरजालावर कसणारे आपण, सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर. आपण तेथे भाडेकरूच असू, तर किमान दोन गोष्टी मागण्याचा आपल्याला हक्क आहे असे आम्हांला वाटते: खाते बंद करण्यापूर्वी कारण सांगितले जावे, आणि निघताना आपले लेखन आपल्याबरोबर नेता यावे. वीज गेल्याचे दुःख दिवसभराचे असते. न विचारता नावावर मारलेली रेघ विसरली जात नाही.