रेडा, रहाट आणि दोन क्लच

मंडळी, गाडीच्या जाहिरातीत "जवळजवळ नवी" हे शब्द दिसले की हल्ली माझ्या पोटात गोळा येतो. कारण सांगतो.

आमचा एक मित्र आहे, कॉलेजपासूनचा. होस्टेलच्या एकाच खोलीत आम्ही ४ वर्षं काढली. पठ्ठ्या ३ वर्षं ऑनसाइट राहून आला आणि आल्या आल्या त्याने लहानपणापासूनचं स्वप्न पुरं करायला घेतलं. दोन दारांची, लाल, जमिनीला चिकटून चालणारी स्पोर्ट्स कार. कोरी परवडत नव्हती, म्हणून १४ महिने वापरलेली, जेमतेम ९ हजार किलोमीटर पळालेली शोधून काढली. तीच गाडी मॅन्युअल गिअरमध्येही मिळत होती. बघायला मीही गेलो होतो आणि अगदी जाणकाराच्या थाटात म्हणालो, "ऑटोमॅटिकच घे रे. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून डावा पाय कामातून जाईल."

हे वाक्य लक्षात ठेवा.

तिसऱ्याच वीकांताला आम्ही माझ्या काकांकडे निघालो, नागावला. अलिबागच्या पुढे आठ-नऊ किलोमीटर, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मागे समुद्र. एक्स्प्रेसवेवर गाडी बाणासारखी सुटली. खंडाळ्याचा घाट तर तिने गाणं म्हणत उतरला. खोपोली, पेण, सगळं झकास. वडखळला वळलो आणि मुंबईहून आलेल्या गर्दीत अडकलो. पोयनाडपर्यंत मुंगीच्या पावलाने. तिथून पुढे गाडी सुटताना थरथरायला लागली, मलेरियाचा रोगी थरथरावा तशी. कार्लेखिंडीच्या अलीकडे डॅशबोर्डवर पिवळा दिवा आला: गिअरबॉक्स तापला आहे, गाडी बाजूला घ्या. आमच्या शेजारून एक टमटम आम्हाला ओलांडून गेली. त्यातली सगळी मंडळी मान वळवून बघत होती. :)

पाऊण तासाने गाडी थंड झाली आणि आम्ही कसेबसे नागावला पोचलो. सोमवारी पुण्यात सर्व्हिस सेंटरने निकाल दिला: क्लच गेलेत, खर्च साडेतीन लाख. वॉरंटीत बसत नाही, कारण "हा तुमच्या ड्रायव्हिंग स्टाइलचा प्रॉब्लेम आहे". मित्र मला एवढंच म्हणाला, "तूच म्हणालास ऑटोमॅटिक घे." त्यानंतर आठ दिवस त्याचा फोन नाही.

अशा वेळी मी काय करतो? वाचत बसतो. गिअरबॉक्स नावाच्या वस्तूचा इतिहास वाचताना जे सापडलं ते इथे मांडतोय. पण त्याची सुरुवात नागावच्या विहिरीवरच झाली होती.

काकांच्या वाडीत जुनी विहीर आहे. आता तिच्यावर पंप बसलाय, पण काकांच्या लहानपणी तिथे रहाट होता. रेडा गोल गोल फिरायचा. त्याच्याबरोबर एक आडवं लाकडी चाक फिरायचं. त्याचे दाते उभ्या चाकाच्या दात्यांत अडकायचे, आणि उभं चाक फिरलं की लोट्यांची माळ विहिरीतून पाणी घेऊन वर यायची, पन्हळीत ओतायची आणि रिकामी खाली जायची. अष्टागरातल्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या अशा रहाटांवर जगल्या. आडवं फिरणं उभ्या फिरण्यात बदलणं म्हणजे तुमच्या-माझ्या गाडीच्या डिफरन्शियलचं काम. फक्त सागवानाऐवजी पोलाद आणि खोबरेल तेलाऐवजी गिअर ऑइल.

त्या रात्री ओट्यावर आमची रडकथा ऐकून काका म्हणाले, "आमच्या रहाटाला कधी क्लच लागला नाही हो."

काका चेष्टेत बोलले, पण अख्खी गोम तिथेच आहे. रेडा उभा असतानाही जोर लावू शकतो. खुरं रोवून, मान खाली घालून, शून्य वेगापासून तो पूर्ण ताकद देतो. पेट्रोलचं इंजिन हे करूच शकत नाही. ते मिनिटाला ७००-८०० फेऱ्यांच्या खाली गेलं की मरतं. म्हणजे फिरतं इंजिन आणि थांबलेलं चाक यांची गाठ घालायची तर मध्ये कुठेतरी, काहीतरी घसरलंच पाहिजे. ते घसरणारं म्हणजे क्लच. गिअरबॉक्सचा सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे इंजिनाचं हे एक व्यंग झाकण्याची धडपड आहे.

ही तक्रार गाडीइतकीच जुनी आहे. कार्ल बेंझने १८८६ मध्ये आपल्या मोटारीचं पेटंट घेतलं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्ता दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्टझाइमला माहेरी निघाली. साधारण १०० किलोमीटर. आजच्या भाषेत ही जगातली पहिली लाँग ड्राइव्ह. वाटेत साखळी ढिली पडली तेव्हा लोहाराला गाठलं, ब्रेकला चामडं लावायला चांभाराला. चढ आला की मात्र मुलं उतरून गाडी ढकलायची, कारण चढासाठी लागणारा हलका गिअर त्या गाडीत नव्हताच. परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं आणि बेंझने एक जादा गिअर दिला. थोडक्यात, जवळजवळ नव्या गाडीच्या ट्रान्समिशनची पहिली तक्रार एका बाईने केली, आणि बनवणाऱ्याने "तुझी चालवायची पद्धत चुकली" असं न म्हणता गाडी बदलली. घरचीच तक्रार होती म्हणा. दुसरं काय म्हणण्याची त्याची हिंमत झाली असती?

पुढे १८९१ च्या सुमारास पॅरिसमध्ये पानार आणि लव्हासोर यांच्या गाडीत सरकत्या दात्यांचा गिअरबॉक्स आला. दांडा ओढायचा, एक चाक सरकून दुसऱ्यात घुसायचं. घुसताना दाते दात्यांवर आपटायचे, खडखडाट व्हायचा, पण काम व्हायचं. १८९८ मध्ये लुई रेनोने सगळ्यात वरच्या गिअरला इंजिन थेट जोडलं आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी माँमार्त्रच्या चढावर गाडी चढवून लोकांना गप्प केलं.

या खडखडाटावरचा उपाय माणसाच्या पायात होता. क्लच दाबा, न्यूट्रल, सोडा, इंजिनाचा वेग जुळवा, परत दाबा, मग पुढचा गिअर. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्यानंतर कितीतरी वर्षं आपल्या घाटांतले ड्रायव्हर दर वळणाला हेच करत होते. ज्यांनी लहानपणी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून तो दोनदा दाबलेला पाय पाहिलाय, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. ती विद्या होती आणि तिच्यात चूक झाली तर सगळ्या बसला ऐकू यायची.

१९२८ मध्ये कॅडिलॅकने अर्ल थॉम्पसनचा सिंक्रोमेश आणला. लहान लहान कड्या आधी एकमेकींना घासून वेग जुळवतात आणि मगच दाते अडकतात. म्हणजे ड्रायव्हरच्या पायातली निम्मी विद्या कड्यांत गेली. याच थॉम्पसनच्या पुढाकाराने जनरल मोटर्समध्ये जे काम झालं, त्यातून १९३९ मध्ये ओल्डस्मोबिलची हायड्रामॅटिक आली. तिच्यात क्लचचं पेडलच नव्हतं. घसरण्याचं काम तेल करत होतं, आणि तेलाचा मोठा गुण असा की ते स्वतःबरोबर उष्णताही वाहून नेतं.

आता आमच्या मित्राच्या गाडीकडे येऊ. तिच्यात असते तसली दोन क्लचची कल्पना आडोल्फ केग्रेस या फ्रेंच माणसाची, सालही तेच, १९३९. एका क्लचवर १, ३, ५ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६. पहिला चालू असताना दुसरा आधीच अडकवून तयार, म्हणजे बदलताना क्षणभरही ओढ तुटत नाही. गंमत म्हणजे हा केग्रेस आधी रशियाच्या झारच्या मोटारी सांभाळायचा आणि बर्फात गाड्या रुतू नयेत म्हणून त्याने मागच्या चाकांऐवजी रबरी पट्टे लावले होते. त्याच पट्ट्यांवर सित्रोएनच्या गाड्यांनी १९२२-२३ मध्ये सहारा ओलांडला. १९३१ मध्ये बैरूतहून निघालेल्या ताफ्यातल्या दोन गाड्या काश्मीरमार्गे हिमालयातही शिरल्या.

पण केग्रेस १९४३ मध्ये गेला आणि कल्पना कागदावर राहिली. तिला लागणारा वेगवान मेंदू, म्हणजे कॉम्प्युटर, तेव्हा नव्हता. १९८० च्या दशकात पोर्शे आणि ऑडीने रेसच्या गाड्यांत ती वापरली. २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर ३२ मध्ये रस्त्यावर आणली आणि २००८ मध्ये फेरारीनेही. तेलात बुडालेले ओले क्लच आधी आले. मग वजन आणि पेट्रोल वाचवायला कोरडे. कोरड्याला मात्र उष्णता वाहून न्यायला तेल नाही.

साधा हिशोब करा. इंजिन ८०० फेऱ्यांवर, पहिल्या गिअरात चाकापर्यंत वेग १३ पटीने कमी. म्हणजे चाकाच्या मिनिटाला ६० फेऱ्या. चाकाचा घेर २ मीटर धरला तर मिनिटाला १२० मीटर, ताशी सात किलोमीटर. क्लच पूर्ण बंद असेल तर गाडी याहून हळू चालूच शकत नाही. आणि पोयनाडची रांग चालली होती ताशी तीनने. उरलेल्या चारची उष्णता होते. खंडाळ्याच्या घाटात काही झालं नाही, कारण तिथे क्लच बंद होता. गाडी मोडली ती सपाट रस्त्यावर.

आता मुद्द्याचं. जोवर क्लच पायाखाली होता तोवर तो जळाला तर वास यायचा आणि दोष ड्रायव्हरचा, हे सगळ्यांना मान्य होतं. पण ज्या माणसाच्या पायाशी क्लचच नाही, त्याची क्लच वापरायची पद्धत चुकली असं कसं म्हणता? कितपत घसरवायचं हे तर सॉफ्टवेअर ठरवतंय. आमच्याच जातभाईंनी लिहिलेलं!

हा प्रश्न फक्त मला पडला नव्हता. चीनमध्ये दोन क्लचच्या गाड्यांबद्दल ओरड झाली आणि मार्च २०१३ मध्ये फोक्सवॅगनला ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या तसल्याच गाड्या थरथरायच्या. ग्राहकांना सांगितलं जायचं की दोष तुमच्या चालवण्याचा. २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर भरायला लावले, कारण दोष गाडीत असल्याचं माहीत असतानाही ड्रायव्हिंग स्टाइलकडे बोट दाखवलं गेलं होतं. (मित्राची गाडी या दोघांपैकी कुणाचीही नाही, गैरसमज नको.)

हे वाचलं आणि मीच मित्राला फोन केला. दोघांनी बसून ईमेल लिहिली. मॅन्युअलमध्ये हळू रांगेबद्दल एक शब्दही इशारा नाही, हे पानाच्या नंबरासकट. वडखळ ते कार्लेखिंड कुठे किती वेळ लागला ते. आणि मुख्य मागणी: गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने स्वतः नोंदवलेलं तापमान आम्हाला द्या. तीन आठवडे शांतता. मग उत्तर आलं: सुटे भाग कंपनीकडून, मजुरी तुमची. निम्माशिम्मा न्याय झाला, आणि खरं सांगायचं तर निम्मा दोष आमचाही होता. त्या रांगेत मित्र ब्रेकवरचा पाय अर्धवट सोडून गाडी इंच इंच सरकवत होता. आता तो पुढच्या गाडीत दोन गाड्यांचं अंतर पडू देतो आणि मगच एका दमात निघतो, म्हणजे क्लच पूर्ण बंद होतो. मागचे हॉर्न मारतात. मारू देत.

जाता जाता एक. २०२४ संपून २०२५ उजाडत होतं तेव्हा नागावच्या पुढच्याच रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी वाळूत रुतली. तिला बाहेर काढलं ते बैलगाडीने. तो व्हिडिओ सगळ्यांनी हसत हसत पाठवला, मलाही चार ग्रुपवर आला. मला मात्र केग्रेस आठवला, त्याचे पट्टे आठवले आणि काकांचा रेडा आठवला. शेकडो अश्वशक्ती एकीकडे, दोन बैल दुसरीकडे. पण वाळूत शून्य वेगापासून ओढ लागते, आणि ती बैलांकडे होती. इलेक्ट्रिक मोटारही उभ्या जागेवरून पूर्ण जोर देते. म्हणून इलेक्ट्रिक गाडीला क्लच लागत नाही आणि बहुतेकींना एकच गिअर पुरतो. सव्वाशे वर्षं फिरून आपण परत रेड्यापाशी आलोय.

हे काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण तुझ्या मोटारीला शेण होतं का? माडांना काय घालू?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. असो. पुढच्या शनिवारी पुन्हा नागावला जातोय, मित्राच्याच गाडीतून. पहाटे पाचला निघणार आहोत.